मागे कोण?

र्युसेल्सहाइम, मंगळवार, ८ जुलै २०२५

अहो,

पत्र बघून दचकू नका, इथे सगळे खुशाल आहोत. फोन केला तर तुम्ही 'हं' म्हणता आणि ठेवता, आणि शनिवारपासून तर तेवढंही नाही, नुसती रिंग वाजत राहते. म्हणून हा उपाय. पोस्टमननं हातात दिलेला कागद न वाचता टाकून देणं तुमच्या स्वभावात नाही. छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेत आवक-जावक बघितलीत, हे तरी आवकमध्ये घ्या.

तुमचं शनिवारचं वाक्य मला पाठ झालंय. "आईचं नाव त्या लोकांच्या वहीतून काढून आण, नाहीतर तिथेच राहा." मी काही बोलले नाही, कारण फोन स्पीकरवर होता आणि मैथिली समोर भाजी चिरत होती. सात वर्षांनी बापाचा आवाज ऐकला तो हा. तिनं सुरी खाली ठेवली, हात धुतले आणि बाल्कनीत जाऊन उभी राहिली. तुम्हाला हे माहीत असावं म्हणून लिहिलं, बाकी काही नाही.

तुमचा राग मला कळतो. जावयाच्या पंथाचे हे मॉर्मन ख्रिस्ती लोक मेलेल्या माणसांनाही आपल्यात घेतात. इथून जवळच फ्रीडरिक्सडोर्फला त्यांचं मंदिर आहे, तिथे जिवंत माणूस मेलेल्याच्या नावानं पाण्यात बुडी मारतो. अन्वी आठ वर्षांची झाली आणि तिचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा तुम्ही हे सगळं इंटरनेटवर वाचून काढलंत आणि त्या दिवसापासून लेकीशी बोलणं बंद केलंत. लग्न चालवून घेतलंत, योनासला जावई म्हणून अंगठी घातलीत, त्याच्या हातचे उकडलेले बटाटेही खाल्लेत. नातीचा बाप्तिस्मा मात्र नाही चालला. आणि आता ती पोरगी घरच्या ग्रुपवर आवाज पाठवते, "मी चर्चला पणजीचं नाव दिलं." मी तर कौतुक करणार होते, पंधरा वर्षांत पहिल्यांदा मराठीत सलग पाच शब्द बोलली म्हणून. तेवढ्यात तुमचा फोन.

म्हणजे तुमच्या आईंना, जाऊन सोळा वर्षं झाल्यावर, हे लोक बाटवणार असं तुमच्या मनानं घेतलंय. खरंच तसं असलं तर मलाही चालणार नाही. आईंनी जन्मभर जे देव पुजले ते पुजले, त्यांना न विचारता कोणी बदलू नयेत.

मला एवढंच कळलंय की २४ जुलै हा यांचा मोठा दिवस. पावणेदोनशे वर्षांपूर्वी यांचे लोक अमेरिकेत छळाला कंटाळून चालत निघाले, हजार मैलांच्या वर. ज्यांच्याकडे बैल नव्हते त्यांनी सामान हातगाडीवर लादलं आणि स्वतः ओढलं. काही जण बर्फात सापडले, पुष्कळ मेले. त्याची आठवण म्हणून इथली मुलं तीन दिवस जुन्या पद्धतीचे कपडे घालून टाऊनुसच्या डोंगरात हातगाड्या ओढत चालतात. जाताना प्रत्येकानं चालून आलेल्या एका माणसाचं नाव घ्यायचं असतं. त्यात आईंचं नाव कसं आलं, अन्वीला त्यांच्याबद्दल कुठून काय कळलं, कोण जाणे. हल्लीची मुलं सगळं शोधून काढतात.

रविवारी विहीणबाईंकडे जाणार आहोत, तेव्हा समोरासमोर विचारते. तोवर रक्तदाबाची गोळी चुकवू नका. माझा गुडघा ठीक आहे.

सरला


रविवार, १३ जुलै

अहो,

जीव भांड्यात पडला. आधी तेच लिहिते, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचाल. आईंचं नाव कुठल्याही वहीत गेलेलं नाही. जाऊही शकत नाही. का ते सांगते.

आज गिझेलाबाईंकडे जेवायला गेलो होतो. योनासची आई, तुम्ही लग्नात पाहिलीत तेव्हा तुमच्यापेक्षा उंच म्हणून तुम्ही फोटोत मागे उभे राहिला नव्हतात. या लोकांत चहा नाही, कॉफी नाही. पुदिन्याच्या पाण्याला चहा म्हणतात आणि वर साखर हवी का विचारतात. मी नाक मुठीत धरून दोन कप प्याले, तुमच्या आईंसाठी.

मग सरळ विषयाला हात घातला. मी मराठीत बोलले, मैथिलीनं जर्मनमध्ये सांगितलं. म्हटलं, माझ्या सासूबाईंचं नाव तुमच्या मंदिरात दिलंय का, असेल तर ते परत द्या, माझं घर त्यावर अडलंय. मैथिलीनं शेवटचं वाक्य सांगितलं की गाळलं ते मला कळलं नाही, पण गिझेलाबाईंनी चमचा खाली ठेवला आणि अन्वीकडे बघितलं.

अन्वी म्हणाली, "नाइन! दिलं नाही. दिलं म्हणजे, मी घेतलं. माझ्यासाठी. चालायला."

अहो, एवढंच झालं होतं. पोरीला दिलं आणि घेतलं यातला फरक कळत नाही. तिला म्हणायचं होतं, चर्चच्या चालण्यासाठी मी पणजीचं नाव घेतलं. या देण्याघेण्यात आपलं घर मोडायची वेळ आली होती. मैथिली आधी हसली आणि मग हसता हसता रडायला लागली, आणि मलाही आवरेना. गिझेलाबाई कागदी रुमालांचा डबाच घेऊन आल्या.

नंतर त्यांनी नियम सांगितला, तो मी मैथिलीकडून दोनदा वदवून घेतला. ज्या माणसाच्या जन्माला एकशे दहा वर्षं झालेली नाहीत, त्याचं नाव मंदिरात द्यायचं तर त्याच्या जवळच्या हयात नातेवाइकाची परवानगी लागते. आईंचा जन्म एकतीसचा, म्हणजे आज असत्या तर चौऱ्याण्णवच्या. आणि जवळचं हयात माणूस कोण? तुम्ही. तुमच्या सहीशिवाय तिथलं पान हलायचं नाही. ज्या कुलपासाठी तुम्ही माझ्यावर ओरडलात, त्याची किल्ली तुमच्याच शर्टाच्या खिशात होती.

एक गंमत सांगते. गिझेलाबाईंनी मला खाली केलरमध्ये नेलं, म्हणजे तळघरात. भिंतभर फळ्या आणि त्यावर गहू, तांदूळ, डाळी, मीठ, वर्षभर पुरेल इतकं. त्यांच्यात प्रत्येक घरानं असं ठेवायचं असतं. मला आईंच्या कॉटखालचा पोह्यांचा डबा आठवला. आठवतो? कधी रिकामा होऊ द्यायच्या नाहीत, आणि तुमच्या मुंजीच्या गडबडीतसुद्धा त्याला हात लावू दिला नव्हता म्हणे. फळीच्या खाली एक लाकडी गाडा होता, चार चाकांचा, दांडीचा. गिझेलाबाईंच्या आईनं पंचेचाळीसच्या थंडीत पूर्व प्रशियातून तो ओढत आणला. अमेरिकेत चालत गेलेलं यांच्या घरात कोणीच नाही. पण त्या म्हणाल्या, चाललं ते आमच्याकडेही कोणीतरी चाललंच, आणि ते नाव आम्ही दर वर्षी मोठ्यानं वाचतो. आपल्याकडे 'आई ब्रह्मदेशातून आल्या' यापलीकडे एक वाक्य कोणी कधी बोललं नाही.

निघताना जिन्यात मैथिली पुढे, मधे मी आणि शेवटी अन्वी बूट घालत होती. खालून मैथिलीनं हाक दिली, "मागे कोण?" आणि वरून अन्वी, "मी!" तुम्ही घरात कोणालाही उंबरा ओलांडताना हेच विचारता, तुमच्या आई विचारायच्या म्हणून. लेकीनं ते इथे चालू ठेवलंय. लहानपणी चतुःशृंगीच्या पायऱ्यांवर तुम्ही गंमत म्हणून उत्तर दिलं नव्हतंत आणि आईंनी चारचौघांत थोबाडीत मारली होती, ते तुम्ही आजही सांगता. जन्मात एकदाच मारलं, आणि तेही एवढ्याशा गोष्टीसाठी, असं म्हणता.

अन्वीनं तिचं कार्ड दाखवलं, गळ्यात अडकवायचं. त्यावर तिनं स्वतःच्या हातानं देवनागरीत 'प्रभा' लिहिलंय, रकार उलटा काढून. त्याखाली अजून एक नाव आहे. त्याबद्दल मी पुढच्या पत्रात लिहीन, आज नाही.

सरला


रविवार, २७ जुलै

अहो,

माझा गुडघा सुजलाय आणि त्याला मीच जबाबदार आहे. ते शेवटी सांगते. त्याआधी एक कबुली द्यायची आहे. ती देताना तुमच्यासमोर नाही याचं बरं वाटतंय, खोटं कशाला बोलू.

अन्वीनं शोधून काढलेलं नाही. मी सांगितलं. जूनमध्ये ती चालण्यासाठी नाव लिहायचा कोरा कागद घेऊन माझ्या शेजारी बसली आणि तिच्या जर्मनमध्ये विचारलं, आपल्यात कोण चाललं होतं? प्रश्न मला कळला आणि मी मराठीत उत्तर दिलं. सोळा वर्षं मूग गिळून बसले होते. तुम्ही कधी विचारलं नाहीत, आणि तिनं विचारलं.

आईंनी मला ते शेवटच्या आजारपणात सांगितलं होतं. दत्ताला सांगू नकोस असं बजावलं होतं, म्हणून गप्प होते. आज त्यांचा शब्द मोडते.

१९४२ साली त्या मंडालेहून निघाल्या. वडील तिथे लाकडाच्या वखारीत कारकून होते. युद्ध आलं तशी हजारो माणसं चालत हिंदुस्थानाकडे निघाली, त्यात हे चौघे. हो, चौघे. आईंना एक भाऊ होता, तीन वर्षांचा. त्याचं नाव आत्माराम. अन्वीच्या कार्डावर दुसरं नाव आहे ते त्याचं, तुमच्या मामाचं.

डोंगरातली वाट एकेरी होती आणि पाऊस लागला होता. पुढे वडील, मधे त्यांची आई, आणि शेवटी अकरा वर्षांची प्रभा, खांद्यावर आत्माराम. वडिलांच्या डोक्यावर ट्रंक, त्यांना वळून बघता यायचं नाही. म्हणून थोड्या थोड्या वेळानं ते ओरडायचे, "मागे कोण?" आणि पोरीनं उत्तर द्यायचं, "मी आणि आत्माराम."

आत्मारामला जुलाब लागले. एके दिवशी सकाळी चालताना तो खांद्यावर गार पडला. तिला कळलं. पण लोक आपली माणसं झाडाखाली ठेवून पुढे जातात हे तिनं वाटेत पाहिलं होतं. सांगितलं तर यालाही ठेवून जातील, म्हणून ती बोलली नाही. दिवसभर चालत राहिली. वडील विचारत राहिले आणि ती दर वेळी तेच उत्तर देत राहिली, मी आणि आत्माराम. संध्याकाळी मुक्कामावर वडिलांनी त्याला उतरवून घ्यायला हात पुढे केले, तेव्हा त्यांना समजलं. ते तिला रागावले नाहीत. पण पुढच्या वाटेवर त्यांनी पुन्हा कधी 'मागे कोण' विचारलं नाही.

म्हणून आईंनी ते स्वतः विचारायला सुरुवात केली, आणि जन्मभर विचारत राहिल्या. तुम्ही आठ वर्षांचे असताना पायऱ्यांवर उत्तर दिलं नाहीत, तेव्हा त्यांना काय झालं असेल ते तुम्हीच बघा. त्या मला म्हणाल्या, "दत्ताला मारलं ते माझ्या मनातून जात नाही गं. पण सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल." म्हणून नाही सांगितलं.

आता काल काय झालं ते ऐका. तिसऱ्या दिवशी घरच्यांना बोलावतात, म्हणून मी, मैथिली आणि योनास गेलो होतो. मुलं चिखलानं माखलेली, मुली लांब परकरांत. या चालण्यात काही गटांना पिठाची पिशवी देतात, फडक्यात गुंडाळलेली. ते तान्हं मूल समजायचं आणि आळीपाळीनं सांभाळायचं. मग एका ठिकाणी सांगतात की मूल गेलं, त्याला वाटेच्या कडेला ठेवा आणि पुढे चला. त्यांचे लोक असेच चालले, ते मुलांना समजावं म्हणून. शुक्रवारी दुपारी अन्वीच्या गटाला सांगितलं. बाकीच्यांनी खड्डा खणला. अन्वीनं पिशवी दिली नाही. गटाची प्रमुख बाई समजवायला लागली, तेव्हा स्वयंपाकाला आलेल्या गिझेलाबाई म्हणाल्या, राहू दे तिच्याकडे. काल मी पोचले तेव्हा माझीच जुनी ओढणी पाठीला बांधून तिनं ती पिशवी घेतलेली होती. मला बघून तिनं ओढणीची गाठ घट्ट केली.

शेवटच्या चढावर हातगाडी फक्त बायकांनी ओढायची असते. पुरुष आणि मुलगे बाजूला टोप्या काढून गप्प उभे राहतात. योनासही उभा होता, आणि त्याच्याकडे बघवत नव्हतं. गिझेलाबाई दांडीला लागल्या आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. डॉक्टरांचं सगळं आठवत होतं, तुमचंही आठवत होतं, तरी मी दुसऱ्या बाजूला लागले. दोन म्हाताऱ्या पुढे आणि पोरी मागून रेटतायत, अशी वरात निघाली. गवत निसरडं होतं. अर्ध्यावर गाडी मागे सरकतेय असं वाटलं, वळून बघता येईना, हात सोडता येईना. आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "मागे कोण?"

मागून अन्वीचा आवाज आला. मराठीत, न अडखळता. "मी आणि आत्माराम."

मी ओढत राहिले. वर पोचेपर्यंत डोळ्यांपुढे काही दिसत नव्हतं, गिझेलाबाई धरून होत्या म्हणून पडले नाही. वर गेल्यावर अन्वीनं ओढणी सोडली आणि पिशवी माझ्या हातात दिली. मी घेतली. अहो, दोन किलोचं पीठ, पण त्र्याऐंशी वर्षांनी त्याला कोणीतरी वाटेत न ठेवता वर आणलं होतं. मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. आज सकाळी त्याच पिठाच्या पोळ्या केल्या. मैदा निघाला, वातड झाल्या, सगळ्यांनी मुकाट्यानं खाल्ल्या.

तुमची अट पुरी झालीय, नाव वहीत नाही. तेव्हा मी परत येऊ शकते. पण काल वर पोचल्यावर मी सवयीनं माणसं मोजली आणि एक कमी भरलं. म्हणून विचारते, आणि उत्तर आल्याशिवाय मी इथून हलणार नाही.

मागे कोण?

सरला


बुधवार, २० ऑगस्ट

अहो,

पत्र मिळालं. मैथिलीनं पेटीतून आणलं, लिफाफ्यावरचं अक्षर बघितलं आणि न उघडता माझ्यासमोर धरलं. मी म्हटलं, तूच उघड, तुझ्या पत्त्यावर आलंय.

आत एक अख्खा फुलस्केप कागद आणि त्यावर चार शब्द. 'मागे मी आणि आत्माराम.' खाली सही आणि तारीख. जावक क्रमांक तेवढा घालायचा राहिला.

मैथिलीनं ते वाचलं आणि स्वयंपाकघरात गेली. बऱ्याच वेळानं बाहेर आली ती चहा घेऊन, आल्याचा, चार कप. आम्ही दोघीच चहा पिणाऱ्या, हे तिच्या लक्षातच नव्हतं. अन्वीनं विचारलं, आजोबांनी काय लिहिलंय? मी कागद तिच्या हातात दिला. तिला तुमचं अक्षर लागेना, म्हणून तिनं बोट ठेवून एकेक शब्द मोठ्यानं वाचला. आत्माराम मात्र लगेच ओळखला. मग बोटांवर मोजायला लागली. पणजी, आत्माराम, आजोबा, आजी, ममा, पापा, मी. "आल्झो," म्हणजे 'तर मग', ती म्हणाली, "सगळे आहेत."

मी म्हटलं, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर. हा एक शब्द मला आता चांगला जमतो.

मंदिराची परवानगी तुम्ही दिलेली नाहीत आणि कोणी मागितलेलीही नाही. ते तसंच राहू दे. अन्वीचं कार्ड मात्र तिच्या टेबलावर उभं करून ठेवलंय, रकार मी सुधारून दिला.

आता व्हिसाचं बघा. मैथिलीनं आमंत्रणाचं पत्र तयार केलंय. मराठीतलं 'बाबा' जर्मन फॉर्मवर कसं लिहायचं यावर ती आणि योनास अर्धा तास भांडत होते, म्हणजे सगळं सुरळीत आहे. लोकरीचे मोजे कपाटात खालच्या कप्प्यात आहेत, डाव्या बाजूला. आईंच्या डब्यातले मूठभर पोहे आणा, गिझेलाबाईंच्या फळीवर ठेवायचेत. विमानतळावर आम्ही सगळे येऊ. बाहेर आलात की सवयीप्रमाणे दारात थांबून मागे बघत बसू नका, सरळ चालत या. मागे कोणी राहिलेलं नाही.

तुमची,
सरला